सकाळी शिकलेलं संध्याकाळी पुसलं जातं, अशा मुलाला नवी माहिती कशी शिकवावी?

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मुलगा दहा वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी मेंदूज्वर झाला, त्यातून तो उठला. आज छान बोलतो, अडखळल्याशिवाय वाचतो, आजारपणाआधीच्या गोष्टी बरोब्बर सांगतो, गणिताची रीत समोर दाखवली तर लगेच करून दाखवतो. पण सकाळी केलेला विज्ञानाचा धडा संध्याकाळी काढला की "हे आपण कधी केलं?" असं विचारतो. शाळा म्हणते, लक्ष देत नाही. आई रोज दोन तास त्याला घेऊन बसते, तरी काही राहत नाही. आता आणखी काय करायचं?

मेंदूला इजा किंवा आजार झालेल्या मुलांना शिकवण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. माझं पहिलं सांगणं असं की आणखी काही करू नका, आधी जे चाललंय त्यातलं बरंचसं थांबवा. दोन तास सलग बसवून धडा वाचून घ्यायचा आणि शेवटी "सांग बघू काय काय आठवतंय" असं विचारायचं, ही पद्धत ज्याची स्मरणशक्ती शाबूत आहे त्याच्यासाठी आहे. तुमच्या मुलाचा तिने तोटाच होतो. का, ते आधी सांगते, कारण ते एकदा समजलं की पुढचे उपाय तुम्हाला तुमचे तुम्हीच सुचतील.

कानशिलाच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. दिवसभरात आपल्याबरोबर जे घडतं ते नोंदवून ठेवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. मेंदूज्वराच्या काही प्रकारांत, जन्माच्या वेळी किंवा नंतर प्राणवायू कमी पडल्यास, दीर्घकाळ चाललेल्या झटक्यांत, डोक्याला जबर मार बसल्यावर नेमका हा भाग दुखावू शकतो. १९९७ मध्ये फराने वार्घा-खादेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा तीन तरुणांबद्दल लिहिलं. तिघांचंही हिप्पोकॅम्पस लहानपणीच खराब झालेलं होतं. सकाळी काय झालं, कुठे गेलो होतो, कोण भेटलं, हे त्यांना सांगता येत नव्हतं. तरीही ते नेहमीच्या शाळेत शिकले होते. त्यांची भाषा, वाचन, सामान्यज्ञान सर्वसाधारण मुलांच्या जवळपास होतं. म्हणजे "तो दिवस" त्यांना आठवत नव्हता, पण त्या दिवसांतून येणारी माहिती कुठल्या तरी वाटेने आत जात होती. उशिरा, कष्टाने, पण जात होती.

माझ्या कामाचा पाया हाच आहे. घडलेल्या प्रसंगाची आठवण आणि जगाबद्दलची माहिती या दोन गोष्टी एकमेकींना मदत करतात, पण त्या एक नाहीत. आपण रोज शिकतो तेव्हा पहिलीचा आधार घेऊन दुसरी बांधतो: "काल बाईंनी फळ्यावर आकृती काढली होती, त्यात डाव्या बाजूला…" असं म्हणत उत्तरापर्यंत पोचतो. तुमच्या मुलाला ती काल काढलेली आकृती नाहीच. त्यामुळे माहिती त्याच्यापर्यंत थेट, नेमक्या शब्दांत, पुन्हा पुन्हा, आणि चुकीची भेसळ न होता पोचवावी लागते.

"लक्ष देत नाही" या तक्रारीचं उत्तरही इथेच देते, कारण शाळेशी बोलताना ते लागेल. लक्षाचा प्रश्न असलेल्या मुलाला तुम्ही एखादी गोष्ट सांगून लगेच विचारलीत तर तिथेच गडबड होते. सूचना अर्धीच पोचलेली असते. तुमचा मुलगा लगेच विचारलं तर अचूक सांगतो, आणि अर्ध्या तासाने त्याच्याकडे काहीच नसतं. स्मरणशक्तीच्या तपासण्यांत गोष्ट ऐकवून ती लगेच आणि साधारण अर्ध्या तासाने अशी दोनदा विचारतात, ती हा फरक दिसावा म्हणूनच. ही तपासणी झाली नसेल तर करून घ्या. तिच्याबरोबर ऐकू येणं, दिसणं, झोप आणि झटके हेही बघायला सांगा. काही क्षण शून्यात बघणं हाही झटक्याचाच प्रकार असू शकतो, आणि त्या क्षणात शिकवलेलं सगळं जातं. झटक्यांची काही औषधं, उदाहरणार्थ टोपिरामेट, शब्द आठवणं आणि स्मरण यांवर परिणाम करू शकतात. डॉक्टरांशी त्याबद्दल जरूर बोला. मनाने मात्र औषधाची एक गोळीही बंद करू नका. अनावर झटक्यांनी स्मरणाचं होणारं नुकसान औषधापेक्षा खूप मोठं असतं.

आता शिकवण्याकडे वळू. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याला अंदाज करायला लावू नका. आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं की चुकतमाकत शिकावं. चुकीतून शिकायला आधी ती चूक आणि तिची झालेली दुरुस्ती लक्षात राहावी लागते. तुमच्या मुलाला "मी यकृत म्हणालो, आई नाही म्हणाली" हा प्रसंग आठवत नाही. पण "यकृत" हा शब्द त्या प्रश्नापाठोपाठ एकदा तोंडातून निघून गेलेला असतो, आणि पुढच्या वेळी तोच आधी जिभेवर येतो. तिसऱ्या दिवशी तो ठामपणे "यकृत" सांगतो आणि आपण हताश होतो. अॅलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी १९९४ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या मोठ्या माणसांवर हे तपासलं. अंदाज न करू देता थेट बरोबर उत्तर देऊन शिकवलं, तेव्हा त्यांच्या लक्षात जास्त राहिलं. मुलांवर असे अभ्यास फार थोडे झालेत आणि त्यांतून एकच एक निष्कर्ष निघत नाही, म्हणून मी हा नियम मूल बघून वापरते. स्मरण थोडंसं कमी असलेल्या मुलाला अंदाज करू दिला तर चालतं. सकाळचं संध्याकाळी सगळंच जात असेल तर मी अजिबात करू देत नाही.

इथे एक रास्त शंका येते. स्वतः आठवून सांगितलं की जास्त पक्कं होतं, हेही आपण ऐकलेलं असतं आणि ते खरंच आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कारपिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात नुसतं पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा स्वतःची परीक्षा घेणाऱ्या विद्यार्थ्यांना आठवड्यानंतर मजकूर जास्त आठवला. मग आठवायला लावायचं की नाही? लावायचं, पण उत्तर येईलच याची खात्री असेल इतक्या लवकर. दहा सेकंदांनी येणारच असेल तर दहा सेकंदांनी विचारा. आलं की अंतर थोडं वाढवा. आठवण्याचा व्यायाम झाला पाहिजे आणि चुकीला जागा मिळता कामा नये, या दोन्ही गोष्टी एकत्र साधतात त्या याच वाढत्या अंतराच्या पद्धतीत. थॉमस लँडावर आणि रॉबर्ट ब्यॉर्क यांनी १९७८ मध्ये ती नावं लक्षात ठेवण्यासाठी वापरून दाखवली होती. पुढे स्मृती गेलेल्या वृद्धांसाठीही ती भरपूर वापरली गेली.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं ते एका माहितीवर दाखवते. आज शिकवायचंय: रक्तातली घाण मूत्रपिंडं गाळतात. मी मूत्रपिंडांचं चित्र समोर ठेवते आणि म्हणते, "रक्तातली घाण मूत्रपिंडं गाळतात. रक्तातली घाण कोण गाळतं?" मूल म्हणतं, "मूत्रपिंडं." वीसेक सेकंद आम्ही दुसरंच काहीतरी करतो, त्याच्या पेन्सिलीला टोक काढतो. "रक्तातली घाण कोण गाळतं?" "मूत्रपिंडं." मग मिनिटभर, मग तीन मिनिटं, मग सात-आठ, मग पंधरा-वीस. मधल्या वेळात गणित चालू असतं, नाहीतर गप्पा. प्रश्न प्रत्येक वेळी त्याच शब्दांत आणि त्याच सुरात. समजा आठ मिनिटांनी विचारल्यावर त्याचे डोळे छताकडे गेले आणि दोन-तीन सेकंद तो काही बोलला नाही, तर मी वाट बघत बसत नाही. "मूत्रपिंडं," मी लगेच सांगते, "कोण गाळतं?" तो म्हणतो, आणि पुढच्या खेपेला मी पुन्हा तीन मिनिटांवर येते. माझ्या तोंडून ना "अरेरे" निघतं, ना "आत्ताच तर सांगितलं".

संध्याकाळी एकदा, झोपण्यापूर्वी एकदा, सकाळी उठल्यावर एकदा. मग एक दिवस सोडून, मग चार दिवसांनी, आठवड्याने, पंधरवड्याने, महिन्याने. रात्रीची झोप मध्ये गेली आणि सकाळी उत्तर आलं, की मी त्या माहितीला पहिली खूण करते. सकाळी नाही आलं तर ती पुन्हा नवी समजायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. साधी पत्त्याएवढी कार्डं करा, मागे तारखा आणि खुणा लिहा: स्वतःहून सांगितलं, पहिलं अक्षर दिल्यावर सांगितलं, की पूर्ण सांगावं लागलं. ही नोंद तुमच्यासाठी फार गरजेची आहे. दोन आठवड्यांनी तुम्हाला "काहीच राहत नाही" असं वाटेल, तेव्हा ती कार्डं काढून बघा.

पहिल्या अक्षराची मदत हीसुद्धा नेमकी वापरायची गोष्ट आहे. "मू…" म्हटल्यावर उत्तर येत असेल, तर दोन-तीन खेपांनी तेवढीही मदत काढून घ्या. लिहून करत असाल तर शेवटून एकेक अक्षर गाळत जा. एलिझाबेथ ग्लिस्की, डॅनियल शॅक्टर आणि एन्डेल टल्विंग यांनी १९८६ मध्ये याच पद्धतीने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना संगणकाचे शब्द शिकवले होते. त्यात एक गोष्ट दिसली, आणि ती मला जवळजवळ प्रत्येक मुलात दिसते: शिकलेलं फार ताठर राहतं. ज्या शब्दांत शिकवलं त्याच शब्दांत विचारलं तर उत्तर येतं, शब्द बदलले की गायब.

एक मुलगी "रक्तातली घाण कोण गाळतं?" याला झटकन उत्तर द्यायची. परीक्षेत आलं, "मूत्रपिंडांचे कार्य लिहा", आणि तिने कागद कोरा ठेवला. तिला येत नव्हतं असं नाही, त्या दाराने आत जायला तिला कधी शिकवलंच नव्हतं. म्हणून एका वाक्यात माहिती पक्की झाली, म्हणजे रात्र ओलांडून दोन-तीनदा आली, की दुसरं दार उघडा. उलटा प्रश्न: "मूत्रपिंडं काय करतात?" मग आकृतीवर बोट ठेवून: "याचं काम काय?" मग पुस्तकी भाषेत: "कार्य लिहा." प्रत्येक नवा प्रश्न म्हणजे नवी माहिती, असं समजून त्याचीही अंतरं थोडी-थोडी वाढवत न्यायची, फक्त आता ती लवकर वाढतात. पालक सगळ्यात जास्त ही पायरी गाळतात. घरी सगळं येतं आणि शाळेत काही येत नाही, या कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. पण घाईही नको. पहिलं वाक्य कच्चं असताना चार तऱ्हांनी विचारलंत तर एकही पक्कं होणार नाही.

बऱ्याच मुलांना आपण होऊन आठवणं कठीण जातं, पण समोर दिसलं की ओळखता येतं. १९९७ च्या त्या अभ्यासातल्या तिघांपैकी जॉन नावाच्या तरुणाबद्दल पुढे बरंच लिहिलं गेलं; त्याची ओळखण्याची क्षमता चांगली शाबूत होती, आठवून सांगण्याची मात्र फारच कमी. तुमचा मुलगा तसा आहे का ते बघा. दहा चित्रं दाखवा, अर्ध्या तासाने ती दुसऱ्या दहांत मिसळून "मघाशी कुठली होती?" विचारा. त्याला ओळखता येत असतील तर शिकवताना पर्याय देऊन विचारण्याचा रस्ता तुमच्यासाठी मोकळा आहे. मात्र सुरुवातीला चुकीचा पर्याय अगदीच दूरचा ठेवा: "रक्तातली घाण कोण गाळतं, मूत्रपिंडं की दात?" यकृत आणि फुप्फुसं पर्यायांत आणायची ती नंतर, कारण जवळचा चुकीचा पर्याय स्वतःच डोक्यात रुतून बसतो.

अर्थाशिवाय कुठलीच माहिती शिकवू नका. नुसती घोकंपट्टी त्याच्या मेंदूला सगळ्यात महाग पडते. त्याची भाषा चांगली आहे, आजारपणाआधीचं ज्ञान जागेवर आहे, हे त्याचं भांडवल आहे. नवी माहिती त्याला आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टीला जोडा. लघवीला लागते हे त्याला ठाऊक आहे; ती कुठून येते, हे सांगताना मूत्रपिंडं आली की ती टिकण्याची शक्यता वाढते. त्याला गाड्या आवडत असतील तर इंजिनातल्या ऑइल फिल्टरपासून सुरुवात करा. आवडीच्या विषयात या मुलांचं ज्ञान कधीकधी थक्क करणारं असतं, कारण तिथे उजळणी न सांगता होत राहते. त्या ज्ञानाला "नको तिथे डोकं चालतं" असं म्हणू नका. तीच वाट वापरा.

लक्षात ठेवायच्या युक्त्यांबद्दल मला विचारलं जातं: आद्याक्षरांची वाक्यं, घरातल्या खोल्यांत वस्तू ठेवल्याची कल्पना, मजेशीर चित्रं. त्यातली चित्रं तुम्ही स्वतः करून समोर धरलीत तर उपयोग होतो. पण "तू युक्ती कर आणि लक्षात ठेव" हे या मुलांना जमत नाही, कारण युक्ती केली होती हेसुद्धा आठवावं लागतं. स्मरण वाढवण्याचा दावा करणाऱ्या संगणकावरच्या खेळांचंही तेच. मूल त्या खेळात तरबेज होतं, पण त्याचा धडा लक्षात राहायला त्याची मदत झालेली मला दिसत नाही. तो वेळ कार्डांना द्या.

आता निवडीचं. या पद्धतीने एका वेळी तीन-चारपेक्षा जास्त नव्या गोष्टी चालवता येत नाहीत, आणि जुन्यांची उजळणी वेगळी. म्हणजे पुस्तक पूर्ण होणार नाही. हे आधीच मान्य करा आणि शिक्षकांबरोबर बसून प्रत्येक धड्यातल्या ज्या दोन-तीन गोष्टींवर पुढचे धडे उभे आहेत त्या निवडा. प्रकाशसंश्लेषणात पानं सूर्यप्रकाश वापरून अन्न तयार करतात, हे हवं. पानाच्या आतल्या प्रत्येक थराचं नाव त्याने डोक्यात ठेवायला हवंच असं नाही; ते तक्त्यात बघता येतं. सनावळ्यांपैकी दोन-चार खुंट्यांसारख्या पक्क्या करा, बाकीच्या कालरेषेवर भिंतीला लावा. घरचा पत्ता, आई-बाबांचा नंबर, औषधाचं नाव आणि वेळ, हे मात्र कुठल्याही धड्याच्या आधी. उरलेल्या सगळ्यासाठी वही, फोनमधले गजर आणि रोजच्या कामांची यादी वापरायला शिकवा. वही उघडून बघणं हीसुद्धा सवय म्हणून शिकवावी लागते, आणि सवयी या मुलांना लागतात. १९६२ मध्ये ब्रेंडा मिल्नर यांनी नोंदवलं होतं की हेन्री मोलायसन, ज्याच्या मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नव्या आठवणी बनणं जवळजवळ थांबलं होतं, तो आरशात बघून चांदणी गिरवायला दिवसागणिक सफाईने शिकला, आणि आपण हे आधी केलंय याची त्याला गंधवार्ता नव्हती. हात आणि सवय यांची वाट वेगळी असते. रोज त्याच वेळी, त्याच जागी, तीच वही.

बोलण्यातही काही बदल करावे लागतील. "काल आपण काय केलं?" हा प्रश्न घरातून काढून टाका. त्याऐवजी "काल आपण मूत्रपिंडं शिकलो" असं सांगून सुरुवात करा. त्याला माहिती येत असेल आणि ती कुठे शिकला ते आठवत नसेल, तर त्यावरून उलटतपासणी नको. कधी तो घडलंच नाही असं काही खात्रीने सांगेल. ते खोटं बोलणं नसतं. मोकळी राहिलेली जागा मेंदू भरून काढतो. शांतपणे खरं काय ते सांगा आणि पुढे जा. "आत्ताच तर सांगितलं होतं" हे वाक्य त्याने शेकडो वेळा ऐकलेलं असतं. माझ्याकडे येणारी कितीतरी मुलं उत्तर माहीत असूनही गप्प बसतात, कारण चुकण्यापेक्षा न बोलणं त्यांना सोपं झालेलं असतं. चुकू न देता शिकवण्याचा जो फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो तो हाच, की दिवसातून वीस वेळा त्याला स्वतःच्या तोंडून बरोबर उत्तर ऐकू येतं.

दोन तासांचं बसणं मोडून त्याची दहा-दहा मिनिटं करा, दिवसभर पसरून. थकल्यावर शिकवू नका. मेंदूच्या आजारानंतर या मुलांना थकवा लवकर येतो आणि तो चिडचिडीसारखा दिसतो. झोप पूर्ण होऊ द्या, कारण दिवसभरातलं शिकलेलं झोपेत पक्कं होतं. परीक्षा आली म्हणून रात्री जागवणं त्याच्यासाठी निव्वळ नुकसान आहे.

शाळेला तपासणीचा अहवाल द्या आणि तीन गोष्टी मागा. तोंडी प्रश्न अचानक विचारू नयेत. परीक्षेत शक्य तिथे पर्याय, जोड्या लावा किंवा आकृतीला नावं द्या असे प्रश्न असावेत, सूत्रांचा कागद जवळ ठेवू द्यावा. आणि वर्गात पुढच्या आठवड्यात काय होणार ते तुम्हाला आधी कळवावं, म्हणजे त्यातले दोन-तीन शब्द घरी आधी पक्के करून तो वर्गात बसेल. ओळखीचे शब्द कानावर पडले की त्याला धड्यात पाय रोवता येतो.

पहिले दोन महिने वेग फार कमी वाटेल. नंतर कार्डांचा गठ्ठा वाढतो आणि नवी माहिती जुनीला चिकटायला लागते. मोठी सुट्टी लागली की मात्र गठ्ठा बाजूला ठेवू नका, आठवड्यातून दोनदा तरी फिरवा. शाळा सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी सगळी कार्डं एकदा तपासा. जी निसटली असतील ती आधी पुन्हा बसवा, मगच नव्या वर्षाचं पहिलं कार्ड लिहा.